पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांना विचार करायला कसे लावावे?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. गणित आणि विज्ञान या माझ्या अध्यापन पद्धती आहेत. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, मला तालुक्याच्या गावातील एक माध्यमिक शाळा मिळाली आहे. सकाळची पहिली एसटी पकडून शाळेत पोहोचायचे, परिपाठ घ्यायचा, स्वतःचे तास आणि गैरहजर शिक्षकांचे बदली तास घ्यायचे, पोषण आहाराच्या वेळी रांगेजवळ थांबायचे आणि रात्री घरी पाठ टाचण (तासाचे लेखी नियोजन), निरीक्षण वही व अहवाल लिहीत बसायचे, असा माझा दिवस असतो. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) अभ्यासाला उरेल तो वेळ.

महाविद्यालयात आम्ही ज्ञानरचनावाद (मूल आपले ज्ञान स्वतः घडवते हा विचार) आणि कृतियुक्त अध्ययन (मुलांनी स्वतः करत शिकणे) यांवर भरपूर लिहिले आहे. म्हणून सहावीत भिन्नच्छेद, म्हणजे वेगवेगळ्या छेदांच्या, अपूर्णांकांची बेरीज (१/२ + १/३) शिकवताना मी ५८ मुलांचे गट पाडले, प्रत्येक गटाला रंगीत कागदाच्या पट्ट्या दिल्या आणि घड्या घालून उत्तर शोधायला सांगितले. गटातील एक-दोन मुलांनी सगळे केले, बाकीची पट्ट्यांवरून भांडली, शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले आणि तास संपला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नियम फळ्यावर लिहून द्या ना, परीक्षेत तोच येतो." मार्गदर्शक बाई नंतर शांतपणे म्हणाल्या, "हे निरीक्षणाच्या पाठापुरते ठेव. रोज असे केलेस तर पोर्शन पूर्ण होणार नाही." माझ्या काही मैत्रिणी निरीक्षणाच्या आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरे तयार करून घेतात आणि त्यांच्या पाठांना चांगले गुण मिळतात. कृतियुक्त अध्ययन खऱ्या वर्गात शक्य आहे का, की ते फक्त टाचणात लिहायचे असते?

— एक छात्राध्यापिका, सोलापूर जिल्हा

उत्तर

प्रिय छात्राध्यापिका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: शक्य आहे. ५८ मुलांच्या वर्गात आणि पस्तीस मिनिटांच्या तासातही शक्य आहे, मात्र तुम्ही त्या दिवशी त्याला जे रूप दिले होते त्या रूपात नाही. तुम्ही रात्री बसून पट्ट्या कापल्या असतील, गटांची नावे ठरवली असतील, टाचणात 'विद्यार्थी कृती' या रकान्यात नीट वाक्ये लिहिली असतील, आणि इतके करून दारात दुसरे सर येऊन उभे राहिले म्हणजे मनाला किती लागते हे मी जाणते. तरीही गोंगाट झाला म्हणून पाठ फसला असे मी म्हणणार नाही. पाठ कुठे अडला ते आपण जरा जवळून पाहू.

तुम्ही मुलांना पट्ट्या दिल्या आणि 'घड्या घालून उत्तर शोधा' असे सांगितले. ज्या मुलाला छेद समान करण्याची रीत शिकवणीत किंवा घरी आधीच कळलेली होती, त्याने मनात पाच षष्ठांश हे उत्तर काढले आणि मग घड्या त्या उत्तराला जुळवून घेतल्या. ज्या मुलीला ती रीत ठाऊक नव्हती, तिला पट्टीच्या किती घड्या घालायच्या आणि का घालायच्या हेच कळण्याचा मार्ग नव्हता, कारण घडीची कल्पना तुमची होती, तिची नव्हती. म्हणजे एकाला विचार करण्याची गरज पडली नाही आणि दुसरीला विचार सुरू कुठून करायचा ते सापडले नाही. त्यातच एकाने करण्यासारखे काम सहा जणांत वाटले गेले, म्हणून चार-पाच मुले रिकामी राहिली. अकरा वर्षांचे रिकामे मूल समोरच्या रंगीत पट्टीवर हक्क सांगणारच. त्यात बेशिस्त नाही. वर्गातला आवाज वाढला तो या रिकामेपणामुळे. हे लक्षात आले की पुढच्या वेळी शिस्तीचा बंदोबस्त करण्याऐवजी कामाची मांडणी बदलावी हे आपोआप सुचते.

कृतियुक्त अध्ययनाबद्दल आपल्याकडे एक समज पक्का रुजला आहे, तो असा की मुले उठली, बसली, कापली, चिकटवली, नाचली म्हणजे कृती झाली. मला हे मान्य नाही. चार्टवरचे चित्र तासभर रंगवणाऱ्या मुलाचे हात गुंतलेले असतात आणि डोके मोकळे असते. उलट बाकावर हाताची घडी घालून बसलेली मुलगी फळ्यावरचे एखादे चुकीचे गणित पाहून 'हे असे कसे होईल?' म्हणून अस्वस्थ झाली असेल, तर त्या क्षणी संपूर्ण वर्गात सर्वांत जास्त कृती तीच करत असते. म्हणून टाचण लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारत जा: या मिनिटाला वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात कोणता विचार चाललेला असावा, असे मला वाटते? 'विद्यार्थी ऐकतात', 'विद्यार्थी निरीक्षण करतात', 'विद्यार्थी उत्तरे देतात' ही टाचणातली ठरीव वाक्ये या प्रश्नापुढे टिकत नाहीत. त्यांच्या जागी 'मुले दोन पंचमांश आणि अर्धा यांतले मोठे कोण ते ठरवतात' असे लिहावे लागते, आणि तसे लिहिले की पाठाचे रूपच बदलते.

हा आग्रह नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम उभे केले, त्यात गुरे राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा होती. मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली गेली आणि तिथले खडे, पाने, बिया हेच शैक्षणिक साहित्य झाले. त्या कामाकडे पाहताना खड्यांचे कौतुक सगळे करतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की मूल आत्ता कुठे आहे आणि त्याला काय ठाऊक आहे, तिथून शिकवण्याची सुरुवात झाली. अलीकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (शाळांच्या एका प्रशासकीय विभागातल्या) शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग कसा असतो ते दाखवले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यावर राज्यभर शिक्षकांनी वर्गांच्या फरशा रंगवल्या, संख्यापट्ट्या आखल्या, तळहाताएवढी शब्दकार्डे तयार केली. ज्या शाळांत या साहित्याबरोबर मुलांना विचारायचे प्रश्नही बदलले तिथे मुले खरोखर शिकली. काही ठिकाणी मात्र फरशी रंगली आणि शिकवणे होते तसेच राहिले. तुमच्या रंगीत पट्ट्यांचे त्या दिवशी नेमके हेच झाले.

आता तोच पाठ पुन्हा घ्यायचा असेल तर कसा घ्यावा, ते सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत तत्त्वांपेक्षा एक तास नीट पाहणे अधिक उपयोगी पडते.

वर्गात गेल्यावर पट्ट्या काढू नका, गट पाडू नका, बाक हलवू नका. फळ्यावर एवढेच लिहा: १/२ + १/३ = २/५. मुलांना सांगा की एका मुलाने असे गणित सोडवले आहे, त्याने अंशांची बेरीज केली आणि छेदांची बेरीज केली. हे बरोबर आहे की चूक, ते तुम्ही ठरवायचे आहे, पण आत्ता कोणीही बोलायचे नाही, फक्त वहीत 'बरोबर' किंवा 'चूक' असे लिहायचे आणि त्याखाली कारण लिहायचे. एक मिनिट द्या आणि त्या मिनिटात बाकांमधून फिरा. तुम्हाला दिसेल की बरीच मुले 'बरोबर' लिहितात, काही 'चूक' लिहून कारणाच्या जागी 'कारण छेद समान नाहीत' हे पाठ असलेले वाक्य लिहितात, आणि काही शेजारच्याच्या वहीकडे पाहत बसतात. हे तिन्ही प्रकार मनात टिपून ठेवा.

यानंतर दुसरा प्रश्न विचारा: दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? इथे प्रत्येकाने शेजारच्याशी हळू आवाजात बोलायचे आहे. एका बाकावर दोघे किंवा तिघे असतातच, त्यामुळे गट पाडण्यात जाणारी पाच-सात मिनिटे वाचतात. कुठल्या तरी बाकावर एक मूल म्हणेल की पाच भागांचे अर्धे अडीच भाग होतात आणि आपल्याकडे दोनच आहेत, म्हणजे हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. त्या मुलाला उभे करून वर्गाला सांगू द्या आणि तुम्ही फक्त एवढेच विचारा: "म्हणजे अर्ध्यामध्ये आणखी काही मिळवले आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आले?" हा प्रश्न विचारून थांबा. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर भाकरी कमी कशी होईल, असे कोणीतरी स्वतःच्या शब्दांत म्हणेल, आणि ज्यांनी 'बरोबर' लिहिले होते त्यांच्यापैकी कित्येक जण तुम्ही न सांगता वहीतले उत्तर खोडतील. हे खोडणे त्यांच्या वहीत राहू द्या. खोडरबर वापरू नका असे सांगा.

आता मुलांना खरे उत्तर काय हे जाणून घ्यायची निकड लागलेली असते, आणि साधन त्यांच्या दप्तरातच आहे. चौकटीच्या वहीत सहा चौकटी लांबीचा एक आयत काढायला सांगा. चौकटीची वही नसेल त्यांनी पट्टीने सहा सेंटिमीटर लांबीचा आयत काढावा. त्याचा अर्धा भाग किती चौकटी? तीन. तिसरा हिस्सा किती चौकटी? दोन. एकूण पाच, सहापैकी पाच. उत्तर पाच षष्ठांश आले आणि ते अर्ध्याहून मोठे आहे हे डोळ्यांना दिसते. इथपर्यंत सहाचा आकडा तुम्ही दिला. यापुढे मात्र तो द्यायचा नाही. फळ्यावर १/३ + १/४ लिहा आणि विचारा: "या गणितासाठी किती चौकटींचा आयत घ्याल?"

माझ्या मते सगळा पाठ या एका प्रश्नात आहे. काही मुले पुन्हा सहा चौकटी घेतील आणि सहाचा चौथा हिस्सा करताना चौकट मधोमध कापावी लागते म्हणून अडतील. काही जण तीन आणि चार यांची बेरीज करून सात चौकटी घेतील. त्यांना सांगू नका, सातचे तीन समान भाग करायला लावा आणि त्यांचे त्यांना कळू द्या. कोणी बारा घेईल, कोणी चोवीस घेईल, आणि दोघांचेही उत्तर बरोबर येईल, तेव्हा बारापैकी सात आणि चोवीसपैकी चौदा हे एकच कसे, यावर सममूल्य अपूर्णांकांची उजळणी वेगळा तास न घेता होईल. ज्या संख्येला तिनानेही भाग जातो आणि चारानेही भाग जातो तीच संख्या हवी, हे मुले स्वतः बोलून दाखवतील, आणि मग तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा की या संख्येलाच आपण समान छेद म्हणतो. नियम तुम्हीच सांगायचा आहे, स्वच्छ शब्दांत आणि लिहून द्यायचा आहे; फक्त तो मुलांना त्याची गरज कळल्यानंतर सांगायचा आहे. अंश वर आणि छेद खाली लिहायचा, यासारखे संकेत कोणीही शोधून काढू शकत नाही, ते सरळ सांगावेत. सगळेच मुलांनी शोधावे हा हट्ट धरल्याने चांगल्या हेतूचे पुष्कळ तास वाया गेलेले मी पाहिले आहेत. नवख्या विद्यार्थ्याला वाट दाखवावीच लागते.

या तासात मुलांनी कात्री हातात धरलेली नाही, जागा बदललेली नाही, तुमचा एक रुपयाही खर्च झालेला नाही, आणि तरीही प्रत्येक वहीत एक मत आणि दोन आकृत्या आहेत, कित्येक वह्यांत एक खोडलेले उत्तरही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांच्या द्वारे, बालस्नेही व बालकेंद्री रीतीने शिक्षण व्हावे असे म्हटले आहे. तुमची मार्गदर्शिका किंवा पर्यवेक्षक यांनी 'यात कृती कुठे आहे?' असे विचारले, तर त्यांच्यापुढे या वह्या ठेवा.

वर्गाला प्रश्न विचारून थांबण्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण सराव पाठांत हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा उत्तर स्वतःच देतात, असे तिला आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवले की मुलांची उत्तरे लांब होतात, एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात आणि 'माहीत नाही' असे म्हणणे कमी होते. तीन सेकंद वाचायला क्षुल्लक वाटतात. पण मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले असताना तीन सेकंदांची शांतता छात्राध्यापकाला असह्य होते, आपण अडखळलो असे कोणाला वाटेल या भीतीने तो घाईघाईने पुढचा प्रश्न विचारतो. तुम्ही ही शांतता सहन करायला शिका. प्रश्न विचारा, मनात तीन अंक मोजा, आणि त्यानंतरच नाव घ्या. नाव आधी घेऊन प्रश्न विचारला तर उरलेल्या सत्तावन्न मुलांना विचार करण्याचे कारण उरत नाही. उत्तर आल्यावरही लगेच 'बरोबर', 'शाब्बास' म्हणू नका; 'तुला असे का वाटले?' हे बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर हा प्रश्न ऐकला म्हणजे आपले चुकले, असे मुले समजून चालतात.

तुमच्या मार्गदर्शक बाईंविषयी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते तुम्ही गांभीर्याने घ्यावे. कायद्याने सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असताना त्यांच्या वर्गात अठ्ठावन्न मुले बसतात. त्यांना आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदी ठेवायच्या असतात, घटक चाचणीपर्यंत ठरलेला भाग संपवायचा असतो, आणि तुम्ही निघून गेल्यावर हाच वर्ग त्यांना वर्षभर चालवायचा असतो. कृतियुक्त पाठात तीन तास जाऊन एक उदाहरण होते, असा अनुभव त्यांनी याआधीच्या छात्राध्यापकांकडून घेतला असेल तर त्यांची भीती रास्त आहे. त्यांना पटवून देण्यासाठी वाद घालू नका. वर लिहिलेला पाठ एका तासात बसतो, तेवढा एक तास मागा, आणि पाठानंतर त्यांना दहा वह्या दाखवून विचारा की कोणत्या मुलाचे नेमके काय अडले आहे असे त्यांना वाटते. वर्गातल्या मुलांना त्या तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक ओळखतात. कोणाला मुळात भागाकारच येत नाही, कोण घरच्या कामामुळे आठवड्यातून दोनदा गैरहजर असते, कोण उत्तर येत असूनही बोलत नाही, ही माहिती टाचणाच्या कोणत्याही पुस्तकात नसते. शेजारच्या वर्गावरच्या सरांनाही आदल्या दिवशी भेटून सांगून ठेवा की उद्या पाच-सात मिनिटे मुले जोडीने बोलतील. शाळेतले निम्मे गैरसमज आधी न सांगितल्यामुळे होतात.

नियम लिहून द्या म्हणणाऱ्या त्या मुलीवर मात्र मुळीच रागावू नका. परीक्षेला काय येते हे तिने अचूक ओळखले आहे, आणि गोंधळलेल्या तासानंतर हातात काहीतरी ठोस असावे असे तिला वाटले. शिवाय विचार करायला लागला की आपल्याला काही येत नाही असे माणसाला वाटू लागते, हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः उदाहरणे सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनी आपले शिकणे कमी लेखले. ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि स्वतः करताना अडखळायला होते, म्हणून मुले ऐकणे पसंत करतात. यावर उपाय एवढाच की मुलांना हे मोकळेपणाने सांगावे: आज तुम्ही अडलात, खोडले, पुन्हा केले, आणि शिकणे असेच चालते. सांगून झाल्यावर नियम तिच्या वहीत लिहून द्या आणि त्याच नियमावर परीक्षेत येते तसे एक उदाहरणही करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ती तुमच्यावर विश्वास ठेवेल.

अध्यापनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत तुम्हाला या पद्धतीचा पुरावा विचारला, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेले २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगता येईल. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत केवळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांतील विद्यार्थी नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्ययनाच्या वर्गांपेक्षा सुमारे दीडपट आढळली. हे अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आहेत, हेही त्याच वेळी सांगा. आपल्या सहावीच्या वर्गाला ते जसेच्या तसे लागू होतात असा दावा करू नये.

आदल्या दिवशी उत्तरे तयार करून घेण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे. याबाबत माझे मत कठोर आहे. निरीक्षकांपुढे चांगले दिसावे म्हणून ज्या मुलांना ठरवून हात वर करायला सांगितले जाते, ती मुले त्या दिवशी गणित शिकत नाहीत, पण मोठी माणसे गुणांसाठी काय करतात ते मात्र शिकतात. आणि ज्यांना मागे बसून गप्प राहायला सांगितले जाते त्यांना आपण वर्गात नको आहोत हे कळते. तुम्हाला एखाद्या पाठाला दोन गुण कमी मिळाले तरी चालतील, हे करू नका. मैत्रिणींना दोष देत बसण्याचीही गरज नाही, त्या भीतीपोटी तसे करतात. तुमचा न ठरवलेला पाठ त्यांना पाहायला बोलवा, सहाध्यायी निरीक्षण तर तुमच्या कार्यक्रमात असतेच.

तुमच्या दिवसाविषयी वाचून काळजी वाटली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि आंतरवासिता वीस आठवड्यांची झाली, तिचा हेतू छात्राध्यापकाला शाळेचे सगळे जीवन जवळून पाहता यावे हा होता. पोषण आहाराच्या रांगेजवळ थांबणे हा त्याचाच भाग आहे, तिथे मुले वर्गात बोलत नाहीत ते बोलतात. परंतु रात्री जागून चार्ट रंगवणे, थर्माकोल कापणे, सुंदर अक्षरांत टाचणाच्या प्रती काढणे यांत जो वेळ जातो तो तुम्ही निर्धाराने कमी करा. आवश्यक तेवढे लेखन करा, साहित्य फळा, खडू आणि मुलांच्या वह्यांपुरते ठेवा, आणि वाचलेल्या वेळातून रोज फक्त तीन मुलांच्या वह्या नीट पाहा: एक ज्याला सहज येते, एक ज्याला येत नाही, आणि एक जे मूल वर्गात तुमच्या नजरेस पडत नाही. त्यांनी काय लिहिले आणि त्यावरून त्यांनी काय विचार केला असावा, एवढे चार ओळींत टिपा. आंतरवासितेचा अहवाल लिहिताना या नोंदी तुमच्या कामी येतीलच, आणि मला विचाराल तर टीईटीतील बालविकास व अध्यापनशास्त्राच्या प्रश्नांचा यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

बदली तासांचा तुम्ही त्रास म्हणून उल्लेख केला आहे. मला ती तुमच्या हातातली सर्वांत मोकळी जागा वाटते. त्या तासाला पोर्शन नसतो, निरीक्षक नसतात, टाचण दाखवावे लागत नाही. शिक्षक नसलेल्या वर्गाला 'शांत बसा, अभ्यास करा' असे सांगून वेळ काढण्याऐवजी एक चुकीचे गणित किंवा विज्ञानातला एक प्रश्न घेऊन जा. लोखंडी खिळा पाण्यात बुडतो आणि लोखंडाचेच जहाज तरंगते, असे का, याचे उत्तर आधी प्रत्येकाने लिहायचे, मग शेजाऱ्याशी बोलायचे, मग हवे तर मत बदलायचे. प्रश्न विचारून थांबण्याचा सराव, जोडीच्या बोलण्याचा आवाज कमी कसा ठेवायचा याचा सराव, चुकीच्या उत्तराला चेहरा न बदलता ऐकून घेण्याचा सराव, सगळे या तासांत करून घ्या. इथे चुकले तर कोणाचे नुकसान होत नाही.

सहावीच्या अपूर्णांकांपाठोपाठ तुमच्या वाट्याला दशांश अपूर्णांक येतील असा माझा अंदाज आहे. त्या घटकाची सुरुवात व्याख्येने करू नका, ०.३५ आणि ०.५ यांतले मोठे कोण, एवढा प्रश्न लिहून कारण मागा. पस्तीस हे पाचाहून मोठे, म्हणून ०.३५ मोठे, असे लिहिणारी मुले वर्गात नक्की निघतील. त्यांना लगेच दुरुस्त न करता शंभर चौकटींचा चौरस काढायला लावा आणि दोन्ही संख्यांएवढ्या चौकटी रंगवायला सांगा. बाईंना त्या तासाला मागच्या बाकावर बसण्याची विनंती करा, आणि तास संपल्यावर सर्वांत आधी त्यांचे म्हणणे ऐका.

तुमची,
ताई